मुलं आणि कार्टून : पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

गेली सोळा वर्षं मी साताऱ्यात बालवाडी चालवते. पालकसभेत डबा, खोकला आणि स्नेहसंमेलन यांच्या पाठोपाठ आता हमखास निघतो तो कार्टूनचा विषय. सभा संपली तरी दोघी-तिघी दारात चपला घालता घालता थांबतात, “ताई, एक विचारू का?” असे वर्षानुवर्षं साठलेले प्रश्न इथे एका जागी लिहून काढले आहेत. एक गोष्ट आधीच सांगते. मूल हाकेला ओ देत नसेल, नजरेला नजर देत नसेल, बोलायच्या वयात बोलत नसेल, तर हे वाचत बसू नका, आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

“आम्हीपण लहानपणी कार्टून बघितलीच की. आमचं काय बिघडलं?”

काही बिघडलं नाही. पण आपण ती कशी बघत होतो ते जरा आठवा.

नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी ‘जंगल बुक’ लागायचं. मूळ मालिका जपानी, १९८९ सालची. आपल्याकडे ती हिंदीत आली, शीर्षकगीत गुलजारांनी लिहिलं, चाल विशाल भारद्वाज यांनी दिली आणि शेरखानच्या तोंडून चक्क नाना पाटेकर बोलले. आमच्या वाड्यात टीव्ही एकाच घरी होता. तिथे सतरंजीवर आम्ही नऊ-दहा पोरं दाटीवाटीनं बसायचो. वीज गेली तर तो आठवडा गेला. भाग संपला की संपला, पुढचा सात दिवसांनी. ते सात दिवस आम्ही मोगली खेळायचो. शेरखान कुणी व्हायचं यावरून भांडणं व्हायची, आणि बघीरासाठी कुणाच्या तरी आजीचं काळं लुगडं पळवलं जायचं. बघणं थोडा वेळ, खेळणं आठवडाभर.

१ मे १९९५ रोजी कार्टून नेटवर्क भारतात आलं. तेव्हाही रात्री त्याच वाहिनीवर मोठ्यांचे जुने इंग्रजी सिनेमे सुरू व्हायचे, म्हणजे मुलांची पाटी आपोआप मिटायची. १९९९ पासून तिथे हिंदी आवाज आले. २००४ मध्ये पोगो आणि हंगामा आले, आणि मग रिमोट हातात घेतला की कधीही कुठेतरी कार्टून चालूच, असं झालं. त्यानंतर आला मोबाइल. आता एक भाग संपतो न संपतो तोच कोपऱ्यात पुढच्याचं चित्र दिसतं आणि कुणी काही दाबलं नाही तरी तो सुरू होतो.

माझ्या मते सगळ्या बदलांमध्ये हा बदल सर्वांत मोठा आहे. चित्रं बदलली, आवाज बदलले, पात्रं बदलली, पण मुलांच्या दृष्टीनं खरं बदललं ते हे की कार्टून आता संपत नाही. पूर्वी बंद करायचं काम दूरदर्शनचं वेळापत्रक करायचं. आता ते काम आई-बाबांच्या अंगावर येऊन पडलं आहे, आणि तसं ते आलंय हे आपल्याला कुणी सांगितलेलंच नाही.

“जुनी कार्टून चांगली होती आणि आताची वाईट, असं म्हणायचं का?”

असं सरसकट म्हणता येत नाही. ‘टॉम अँड जेरी’ घ्या. ती मालिका १९४० साली सुरू झाली ती थिएटरसाठी. मुख्य सिनेमाच्या आधी सात-आठ मिनिटांची पट्टी दाखवायचे, आणि समोर बसलेले बहुतेक लोक मोठे असायचे. त्यामुळे त्यात सुरुंग, तवे, सापळे आणि दाणकन आपटणं भरपूर आहे. त्या काळच्या काही भागांत कृष्णवर्णीय माणसांची जी चेष्टा आहे ती आज बघवत नाही. दुसरीकडे त्या चित्रांवर कलाकारांनी घेतलेले कष्ट अफाट होते. या मालिकेतल्या लघुपटांना सात ऑस्कर मिळाले ते उगाच नाही.

मग अमेरिकेत घराघरांत टीव्ही आला आणि तेवढा पैसा आणि वेळ परवडेना. त्यामुळे पात्राचं अंग स्थिर ठेवून नुसतं तोंड हलवायचं, पळताना मागचं तेच झाड परत परत न्यायचं, अशा युक्त्या निघाल्या. ऐंशीच्या दशकात आणखी एक पाऊल पडलं. आधी खेळणं बाजारात आणायचं आणि मग ते खपावं म्हणून त्यावर कार्टून काढायचं. ‘ही-मॅन’ हे त्याचं ठळक उदाहरण. तेव्हा फक्त पैशासाठी कार्टून काढण्याचा उद्योग मोबाइल येण्याआधीच सुरू झाला होता.

आणि आज उत्तम काम होतच नाही असं नाही. ऑस्ट्रेलियाची ‘ब्लूई’ ही २०१८ पासूनची मालिका बघा. सात मिनिटांचा भाग, कुत्र्यांचं एक कुटुंब, आणि बाबा मुलींबरोबर खेळताना दिसतात. मला तर ती पालकांनीच आधी बघावीशी वाटते.

“माझी मुलगी दीड वर्षाची आहे. नुसती बडबडगीतं लावली तर चालतील ना?”

नको. तुम्ही गा. सूर चुकला तरी चालेल.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं आहे की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना पडद्यासमोर बसवू नये. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, हीसुद्धा हेच सांगते. कारण अगदी साधं आहे. या वयात मूल शिकतं ते समोरच्या जिवंत चेहऱ्याकडून. तुम्ही “चिऊ कुठे गेली?” म्हणता, ती वर बघते, तुम्ही तिच्या नजरेमागे वर बघता. पडदा तिच्या नजरेमागे कधीच बघत नाही.

नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल मात्र याला अपवाद धरतात. पुण्यातली आजी न्यू जर्सीतल्या नातीला “ये गं ये गं सरी” म्हणून दाखवत असेल तर खुशाल म्हणू द्या. पलीकडे माणूस आहे आणि ते माणूस तिला उत्तर देतं.

“मोबाइल लावला नाही तर घासच घेत नाही. काय करू?”

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि विचारताना आईचा आवाज हमखास खाली येतो. म्हणून आधी हे सांगते की यात तुमच्या आईपणावर काही डाग लागत नाही. दमलेल्या माणसाला जो उपाय सापडला तो त्यानं केला.

एकदा एका आईनं मला घरी बोलावलं होतं. तीन वर्षांचा मुलगा, समोर पाण्याच्या तांब्याला टेकून मोबाइल, त्यावर गाणारी भाजी. आई वरणभाताचा घास तोंडाशी नेते, तोंड आपोआप उघडतं, घास आत जातो. नजर पडद्यावरून हलत नाही. मध्येच गाणं अडकलं, गोल चक्र फिरायला लागलं, तर त्याचं चावणंही थांबलं. घास गालात तसाच. गाणं सुरू झालं आणि जबडा पुन्हा हलला. त्या पोराला भूक किती आहे, पोट भरलं का, वरण आंबट आहे की गोड, यातलं काही त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं. आई म्हणाली, “वाटीभर खातो हो.” खात होता हे खरंच होतं.

सवय एका दिवसात मोडू नका, घरात रणकंदन होईल. मी पालकांना सांगते ते असं :

आधी दिवसातलं एकच जेवण निवडा, शक्यतो ज्याला सगळे एकत्र बसतात ते. त्या जेवणाला कुणाचाच फोन ताटाजवळ नको, बाबांचाही नको. मुलाला स्वतःची ताटली द्या आणि त्यात हातानं उचलता येईल असं काहीतरी द्या, पोळीचा कुस्करा, घावनाचा तुकडा, काकडीची चकती. सांडू द्या, खाली जुनं वर्तमानपत्र अंथरा. पहिले चार-पाच दिवस ते कमी खाईल. त्या दिवसांत मधल्या वेळी बिस्किटं देऊन भरपाई करू नका, नाहीतर भूक लागणारच नाही. निरोगी मूल उपाशी राहत नाही. वजन कमी असेल किंवा काही दुखणं असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका.

वर सांगितलेल्या घरात हे साधायला तीन आठवडे लागले. संध्याकाळचं जेवण मोबाइलपासून सुटलं, दुपारचं मात्र आजीच्या हातून अजून मोबाइलवरच होतं. तरी मला ते यशच वाटतं.

“दिवसाला किती वेळ चालेल?”

दोन ते पाच वर्षं : जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तर उत्तमच. पाच ते दहा : दोन तासांच्या आत, आणि त्यात झोप, मैदान, अभ्यास, घरच्यांशी बोलणं यातलं काही कापलं जाता कामा नये. हे आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे आकडे आहेत.

पण मुलांना मिनिटं कळत नाहीत. “वीस मिनिटं” म्हणण्यापेक्षा “दोन गोष्टी” म्हणा.

“वेगवान कार्टूनमुळे लक्ष लागत नाही, हे खरं का?”

याबद्दल एक प्रयोग बराच गाजला. २०११ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात चार वर्षांच्या ६० मुलांचे तीन गट केले. एकानं नऊ मिनिटं एक अतिवेगवान कार्टून बघितलं, ज्यात सरासरी दर ११ सेकंदांनी दृश्य बदलत होतं. दुसऱ्यानं एक संथ कार्यक्रम बघितला, त्यात दृश्य ३४ सेकंदांनी बदलत होतं. तिसऱ्या गटानं चित्रं काढली. लगेच नंतर लक्ष देणं, धीर धरणं, सांगितलेलं लक्षात ठेवणं अशी छोटी कामं दिली. वेगवान कार्टून बघितलेली मुलं त्यात मागे पडली.

हा परिणाम लगेचचा होता, कायमच्या नुकसानीचा पुरावा म्हणून तो सांगू नये. पण बालवाडीत मला जे दिसतं त्याच्याशी तो जुळतो. सकाळी रिक्षात बसेपर्यंत मोबाइल बघत आलेलं मूल प्रार्थनेला उभं राहतं तेव्हा त्याचे डोळे अजून कुठेतरी धावत असतात. मणी ओवायला दिले तर चौथ्या मण्याला दोरा टाकून उठतं. त्याच मुलाला अर्धा तास मातीत खेळू दिलं की पूर्ण माळ होते. म्हणून माझं सांगणं एवढंच की शाळेआधी, अभ्यासाआधी आणि झोपेआधी वेगवान काही नको.

वेग ओळखायची एक सोपी रीत आहे. आवाज बंद करा, घड्याळ लावा आणि एका मिनिटात दृश्य किती वेळा बदलतं ते बोटांवर मोजा. एका हाताची बोटं पुरली नाहीत, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली, तर ते कार्टून लहानग्यांसाठी नाही. हा माझा घरगुती हिशेब आहे, पण कामाला येतो.

“मारामारी बघून मूल मारकुटं होतं का?”

मुलं नक्कल करतात, यात शंका नाही. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये लहान मुलांना हवेच्या बाहुल्याला बडवणारा माणूस दाखवला, कुणाला प्रत्यक्ष, कुणाला पडद्यावर, कुणाला मांजराचा वेष घालून कार्टूनसारखा. तिन्ही प्रकारांत मुलांनी नंतर बाहुल्याला जास्त बडवलं.

तरी एक फरक मी करते. ‘छोटा भीम’ २००८ पासून आपल्या घराघरांत आहे. लाडू खाऊन ताकद येते आणि दुष्टाला ठोसा बसतो. मुलं तो ठोसा हवेत मारतात, हसतात, विसरतात. तो खेळ आहे. काळजी वाटावी ती तेव्हा, जेव्हा मूल समोरचं रडतंय हे बघूनही थांबत नाही. तेव्हा नुसतं कार्टून बंद करून भागत नाही, घरात कोण कुणावर हात उगारतं हेही बघावं लागतं.

शेजारी बसून एकच प्रश्न विचारा : “त्याला लागलं असेल का रे?” टॉमच्या डोक्यावर तवा आपटल्यावर तव्याला चेहऱ्याचा आकार येतो आणि टॉम दुसऱ्या क्षणी पळू लागतो. चार वर्षांच्या मुलाला हे गमतीचं असतं, पण खऱ्या डोक्याला टेंगूळ येतं हे कुणीतरी सांगायला लागतं.

“शिनचॅन बंदच करू का?”

पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी, हो.

ही मालिका मुलांसाठी नव्हतीच. मूळ चित्रकथा १९९० मध्ये जपानमध्ये मोठ्या माणसांच्या मासिकात सुरू झाली. थकलेली आई, कर्जाचे हप्ते, नवरा-बायकोची धुसफूस, आणि या सगळ्यावर पाच वर्षांच्या मुलाची उर्मट टिप्पणी, हा तिचा विनोद. तो आई-बाबांना कळतो. आपल्याकडे ती हिंदीत आली, पालकांच्या तक्रारी झाल्या, काही काळ प्रक्षेपण थांबलं आणि मग बरीच काटछाट होऊन ती परत आली. पण कात्रीनं पँट उतरवणं कापता येतं, आईला टोमणे मारायचा सूर तसाच राहतो. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं तिच्या आजीला त्याच आवाजात, त्याच लांबवलेल्या सुरात म्हातारपणावरून काहीतरी ऐकवलं. घरातले आधी हसले. तिथेच चूक झाली, कारण मग तिनं ते रोज म्हटलं.

नऊ-दहा वर्षांच्या मुलाला मात्र “बंद” म्हणून फारसा उपयोग नाही. मित्राच्या घरी तो बघेलच. त्याच्याबरोबर एक भाग बघा आणि विचारा की ही आई दिवसभर काय काय करते, मोज. माझ्या ओळखीच्या एका मुलानं सतरा कामं मोजली होती.

डोरेमॉनचंही विचारतात. त्यातला नोबिता आळशी आहे, गृहपाठ टाळतो, डोरेमॉनकडे यंत्रं मागतो, हे खरं. पण नीट बघितलंत तर जवळजवळ दर वेळी ते यंत्र त्याच्यावरच उलटतं. गोष्टीतला हा अर्धा भाग मुलं विसरतात. तो आठवून देणं आपलं काम.

“मूल घरात हिंदीतच बोलायला लागलंय!”

हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून थोडं सविस्तर.

दरवर्षी जूनमध्ये दोन-तीन मुलं अशी येतात की आई-बाबा दोघं पक्के मराठी, आजी वाईची, आणि मूल म्हणतं, “टीचर, मेरा डब्बा नहीं खुल रहा.” त्याला हिंदी कुणी शिकवलेली नसते. ते कार्टूनकडून आलेलं असतं. हे फक्त आपल्याकडे घडतं असंही नाही. २०१३ मध्ये बांगलादेशनं हिंदी डोरेमॉनचं प्रक्षेपण थांबवलं होतं, कारण तिथली मुलं बंगालीऐवजी हिंदी बोलू लागली होती.

मुलाला दोन-तीन भाषा येणं हे भाग्यच आहे, त्यामुळे त्याला हिंदीवरून रागावू नका. मला काळजी वाटते ती वेगळी आहे. कार्टूनच्या हिंदीत ओरडणं, पळणं, धमकी आणि विजय यांचे शब्द भरपूर मिळतात. पण रुसणं, हिरमुसणं, लाडीगोडी लावणं, कसंनुसं होणं, पोटात कालवणं, हे शब्द घरातूनच यायला हवेत. ते आले नाहीत की मूल रडतं आणि त्याला का रडतोय ते सांगताच येत नाही. वर्गात हे मी जवळून बघते. “मला कसंतरी होतंय” एवढं वाक्य ज्याला येतं ते मूल लवकर शांत होतं.

मराठीत मुलांसाठीची सोय कमी पडली, हे दुःख आहेच. तमिळ मुलांना २००७ मध्ये चुट्टी टीव्ही मिळाला, पाठोपाठ तेलुगू, कन्नड आणि मल्याळम मुलांनाही आपापल्या भाषेतल्या वाहिन्या मिळाल्या. आपल्याला ईटीव्ही बाल भारतच्या मराठी वाहिनीपर्यंत, म्हणजे २०२१ पर्यंत थांबावं लागलं. आपण मराठी पालक मागत नाही, म्हणून कुणी देत नाही, असंही मला वाटतं. तुमच्या ॲपमध्ये भाषेची निवड उघडून बघा, मराठी आवाज असेल तर तोच लावा.

नसेल तर आवाज शून्य करा आणि तुम्ही बोला. खरंच करून बघा. टॉम अँड जेरीत बोलणं तसंही नसल्यासारखंच असतं. “आला बघ बोका, दबकत दबकत आला... अगं बाई, शेपटीच अडकली की!” माझ्या भाचीला हे इतकं आवडलं की ती आता मूळ आवाज लावू देत नाही. तिचे आई-बाबा बंगळूरला असतात, घराबाहेर तिला मराठी कानावर पडत नाही. बोक्याच्या निमित्तानं तिला ‘दबकत’ आलं.

“लहान मुलांसाठीचं यूट्यूब ॲप लावलंय. ते तर सुरक्षित असतं ना?”

मोठ्यांच्या यूट्यूबपेक्षा बरं, पण डोळे मिटून विश्वास टाकावा इतकं नाही. २०१७ मध्ये असं उघड झालं की ओळखीच्या पात्रांचे मुखवटे चढवून भीतिदायक आणि ओंगळ व्हिडिओ मुलांपर्यंत पोचत होते. त्यानंतर यूट्यूबनं असे व्हिडिओ मोठ्या संख्येनं काढले. २०१९ मध्ये, मुलांची माहिती पालकांच्या परवानगीशिवाय गोळा केल्याच्या प्रकरणात, अमेरिकेत त्या कंपनीनं १७ कोटी डॉलर भरले.

ॲप वापरायचंच असेल तर आज संध्याकाळी दहा मिनिटं काढून एवढं करा. आपोआप पुढचं लागणं बंद करा. शोधण्याची सोय बंद करा. आणि ‘पालकांनी मंजूर केलेलंच दिसेल’ हा पर्याय निवडून स्वतः आठ-दहा गोष्टी निवडून ठेवा. हे किचकट वाटतं, पण एकदाच करायचं असतं.

याहून सोपा उपाय म्हणजे मोबाइलऐवजी बैठकीतला टीव्ही. मोबाइल मूल पोटाशी घेऊन कोपऱ्यात बसतं. टीव्हीचा आवाज स्वयंपाकघरात येतो, आणि भाजी निवडता निवडताही तुमचा एक कान तिकडे राहतो.

“यू/ए ७+ वगैरे लिहिलेलं असतं ते काय?”

२०२१ च्या नियमांनुसार ऑनलाइन मनोरंजन ॲपना वयोगट दाखवावा लागतो : यू म्हणजे सगळ्यांसाठी, मग यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए म्हणजे फक्त मोठ्यांसाठी. १३+ आणि त्यापुढच्यासाठी पालकांना कुलूप लावायची सोय द्यावी लागते. कुलूप लावा आणि त्याचा आकडा मुलाची जन्मतारीख ठेवू नका.

“दप्तर, डबा, बाटली, सगळ्यावर तेच चित्र हवं म्हणतो.”

एक वस्तू घेऊन द्या, सगळ्या नको. आणि ती त्याला निवडू द्या. बाकी जाहिरातींचं म्हणाल तर २०२२ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार मुलांच्या कार्यक्रमांत आणि वाहिन्यांवर वेफर्स, शीतपेयं अशांच्या जाहिराती करायच्या नाहीत. तुम्हाला दिसली तर तक्रार करा, आपण गप्प बसतो म्हणून चालतं.

“बंद केलं की जमिनीवर लोळण घेतो.”

तुम्हाला कुणी कादंबरीच्या शेवटच्या पानावर पुस्तक हिसकावलं तर? मूल गोष्टीच्या ऐन मध्यात असतं आणि आपण स्वयंपाक झाला म्हणून बटण दाबतो.

भाग पूर्ण होऊ द्या. सुरू करण्याआधी किती ते ठरवा, आणि बंद त्यालाच करू द्या. आमच्याकडे एका आजोबांनी फार छान रीत पाडली आहे. दोन गोष्टी झाल्या की नात टीव्ही बंद करते, पडद्याला “अच्छा, उद्या ये” म्हणते, आणि दोघं अंगणात कुंड्यांना पाणी घालायला जातात. पाणी घालायचं काम रोज त्याच वेळी असतं, म्हणून कार्टून संपणं म्हणजे काहीतरी हिरावून घेतलं असं तिला वाटत नाही. पावसाळ्यात कुंड्यांना पाणी लागत नाही, तर ते गोगलगायी मोजतात.

पहिले काही दिवस रडणं होईलच. त्या रडण्याला घाबरून पुन्हा लावलंत तर रडल्यावर मिळतं हे ते शिकेल. जवळ बसा, “आवडलं होतं ना, संपलं म्हणून वाईट वाटतंय” एवढं म्हणा. लेक्चर नको.

“डोळ्यांना, मेंदूला काही होतं का?”

जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा झगमगाट झाला आणि सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्यानंतर तिथे अशा झगमगाटावर मर्यादा आल्या. एवढ्यासाठी खोलीत दिवा चालू ठेवा आणि मुलाला दूर बसवा. फिट येण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांशी बोला. डोळ्यांसाठी सर्वांत उपयोगाचं म्हणजे रोज बाहेर उजेडात खेळणं.

“आम्ही दोघं नोकरी करतो. शेजारी बसायला वेळ कुठून आणू?”

रोज नाही जमणार, आणि रोज जमावं असं मी म्हणतही नाही. रविवारी एक भाग. बाकी दिवशी रात्री अंथरुणावर एवढंच विचारा, “आज भीमनं काय केलं, सांग मला.”

या प्रश्नानं फार कळतं. ज्या मुलाला गोष्ट पोचली आहे ते “आधी... मग... आणि शेवटी” असं सांगतं. ज्यानं नुसते रंग आणि आवाज बघितले ते “ढिशूम झालं” म्हणून थांबतं. तसं झालं तर त्याला संथ, छोटं काहीतरी लावून बघा, आणि पुन्हा विचारा. सांभाळणाऱ्या मावशींनाही हा प्रश्न शिकवा. आमच्या एका मुलाच्या मावशी आता स्वतःच त्याला गोष्टीचा शेवट बदलून सांगतात.

“मग दाखवावं तरी काय?”

जे पाच-सात मिनिटांत संपतं, ज्यात एकच अडचण असते आणि ती मारामारीशिवाय सुटते, ते. आणि एकदा आजी-आजोबांना बरोबर घेऊन ‘एक, अनेक और एकता’ दाखवा. १९७४ चा, फिल्म्स डिव्हिजनचा, जेमतेम सात मिनिटांचा. दिग्दर्शन मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे यांचं. चिमण्या जाळ्यासकट उडतात तिथे आजोबा गुणगुणायला लागतात आणि नातू टीव्ही सोडून त्यांच्याकडे बघतो, हे मी दोन घरांत पाहिलं आहे.

आणि कार्टून बनवायलाही द्या. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ केलं ते काड्या थोड्या थोड्या हलवून, एकेक चित्र टिपून. सिनेमात एका सेकंदाला चोवीस चित्रं लागतात, टीव्हीच्या कार्टूनमध्ये बऱ्याचदा एकच चित्र दोनदा वापरून बारांवर भागवतात. आपल्याला बारा पुरे. जुन्या वहीच्या खालच्या कोपऱ्यात, शेवटच्या पानापासून पुढे येत, एकेका पानावर चेंडू काढायचा, दर वेळी जरासा खाली, मग जमिनीला टेकलेला आणि थोडा चपटा, मग पुन्हा वर. अंगठ्यानं पानं सोडली की चेंडू उडी मारतो.

माझ्या मोठ्या गटाला मी हे मागच्या दिवाळीआधी दिलं. एका मुलानं पानं सोडली, चेंडू उडाला, तो दचकला आणि वही छातीशी धरून माझ्याकडे आला. “ताई, चेंडूला पाय काढू का?”